चौकातलं टेबल कुणाचं?

१० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याच दिवशी आपली दिवाळीही त्या यादीत गेली, त्यामुळे आपल्याकडे साहजिकच दिवाळीचा गाजावाजा जास्त झाला. इटलीला झालेला आनंद रास्तच होता. पण त्या स्वयंपाकाची कीर्ती ऐकून रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसला गेलेला माणूस चौकातल्या छत्रीखाली बसतो तेव्हा त्याच्यापुढे येणाऱ्या ताटाचा आणि त्या वारशाचा संबंध बऱ्याचदा नावापुरताच असतो. बेचव पास्ता, रबरासारखा पिझ्झा आणि वर डोळे पांढरे करणारं बिल.

याचं खापर नेहमी दोघांपैकी एकाच्या डोक्यावर फुटतं. एक भामटा हॉटेलवाला, दुसरा भोळा पर्यटक. तिसरा भिडू म्हणजे तिथली नगरपालिका. ती मात्र नामानिराळी राहते. खालचे मुद्दे मुख्यतः तिच्याविषयी आहेत.

१. परत न येणारं गिऱ्हाईक

खानावळ चालते ती उद्या परत येणाऱ्या माणसावर. सोमवारी सूप पांचट झालं तर तो मंगळवारी बोलून दाखवतो आणि बुधवारी पलीकडच्या गल्लीत जेवायला जातो. रोमच्या ट्रेव्ही कारंज्यापाशी जेवणारा माणूस मात्र उद्या फ्लॉरेन्सला आणि परवा व्हेनिसला असतो. त्याची नाराजी मालकापर्यंत पोचत नाही, आणि पोचली तरी मालकाचं काही बिघडत नाही, कारण त्याच खुर्चीत उद्या दुसरा कुणीतरी तितकाच भुकेला, तितकाच दमलेला माणूस बसणार असतो.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला होता. पुढे २००१ साली त्यांना या विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू मागे हटतो, कारण त्याला त्याची किंमतच मिळत नाही, हे त्यांनी दाखवलं. ऐतिहासिक चौकातलं हॉटेल हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. एकानं पहाटे बाजारात जाऊन आर्टिचोक निवडून आणले, दुसऱ्यानं फ्रीझरमधली पिशवी फोडली. दारावरच्या पाट्या मात्र दोघांच्याही सारख्याच, आणि दोन्हींवर ‘आजीच्या हातची चव’. मग पहिल्यानं पहाटे उठावं कशाला?

म्हणून मालकांच्या सदसद्विवेकाला साकडं घालून काही होणार नाही. हा हिशेब आहे, आणि हिशेब बदलायचा तर नियम बदलावे लागतात.

२. ताटात नेमकं काय बिघडतं

‘तिकडचं जेवण काही खास नाही’ असं परत आलेली मंडळी सांगतात. ते मोघम असतं. बिघाड कुठे होतो ते एका पदार्थावरून नीट दिसतं. कार्बोनारा ही रोमची खासियत. अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, भरपूर मिरी आणि ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. झालं. यात दूध नाही, क्रीम नाही. पास्ता उकळत्या पाण्यातून काढायचा, पातेलं आचेवरून उतरवायचं, मग बलक आणि चीज घालून भराभर हलवायचं. पास्त्याच्या अंगच्या उष्णतेनं आणि त्याच्या पिठूळ पाण्यानं बलक दाटतो, तुकतुकीत होतो. आच जराशी जास्त लागली की त्याची भुर्जी. म्हणजे एका ताटामागे एक जाणता माणूस, दोन मिनिटं, पूर्ण लक्ष देऊन. आणि हे करून ठेवता येत नाही.

आता चौकातल्या हॉटेलात एका वेळी दीडशे माणसं बसलेली आहेत आणि आत भट्टीवर तिघं आहेत, असं समजा. तिथे क्रीम येतं. क्रीम फाटत नाही, गरम पाण्यावर ठेवलं की तासन्‌तास टिकतं आणि ते पास्त्यावर ओतायला आचारी लागत नाही. परदेशी पाहुण्यांना क्रीम आवडतं म्हणून आम्ही घालतो, हे मालकांचं उत्तर अर्धंच खरं आहे. क्रीममुळे मजुरी वाचते. पास्त्याचंही तेच. सुका पास्ता पाण्यात टाकल्यापासून शिजायला साधारण दहा मिनिटं घेतो. ऑर्डर दिल्यावर चार मिनिटांत ताट आलं तर तो सकाळीच अर्धा उकडून, तेल चोळून, शीतकपाटात ठेवलेला होता.

फ्लॉरेन्समध्ये एका मोठ्या चर्चच्या सावलीतल्या हॉटेलात माझ्यासमोर लझान्या आला तेव्हा मातीच्या वाडग्याच्या कडेला सॉस रटरटत होता, कडा करपून काळपट झाल्या होत्या. काटा मध्यभागी खुपसला तर आत गार. थंडगार नव्हे, फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवल्यावर लागतं तसं. वेटरला सांगितलं. त्यानं हुज्जत घातली नाही, चेहरासुद्धा हलवला नाही; वाडगा उचलून आत नेला. थोड्या वेळानं दारामागून मायक्रोवेव्हची ‘टिंग’ स्पष्ट ऐकू आली. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईही हसल्या. लझान्या परत आला तेव्हा मध्यभाग गरम होता आणि कडांचा चामडा झाला होता.

याला कायदा नाही असं नाही. उपाहारगृहात गोठवलेला माल वापरला तर मेन्यूवर तसं सांगणं भाग आहे. न सांगणं हे इटलीच्या दंडसंहितेच्या कलम ५१५ खाली, व्यापारातल्या लबाडीत, मोडतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तर वारंवार म्हटलं आहे की, पदार्थ कुणी मागवला नसला तरी चालेल. गोठवलेला माल आत आहे आणि मेन्यूवर त्याची खूण नाही, एवढ्यानंच लबाडीचा प्रयत्न सिद्ध होतो. त्यामुळे मेन्यूवर पदार्थाच्या नावापुढे बारीक फुली दिसते आणि पानाच्या तळाशी तिचा खुलासा. हॉटेलवाले यातूनही वाट काढतात: एकतर सगळ्याच पदार्थांना फुली, नाहीतर तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात ‘उपलब्धतेनुसार काही पदार्थ गोठवलेले असू शकतात’. कायद्याचं पोट भरलं.

३. गावकरी गेले, त्यांच्या मागे चव गेली

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो व्हेनिसमध्ये डोळ्यांनी दिसतो. रियाल्तो पुलाजवळच्या सान बार्तोलोमिओ चौकात औषधांचं एक जुनं दुकान आहे. त्याच्या काचेत २००८ पासून एक इलेक्ट्रॉनिक फलक लावलेला आहे, त्यावर ऐतिहासिक व्हेनिसची लोकसंख्या दिसते. १९५१ मध्ये या बेटांवर सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, पर्यटकांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येच्या पुढे गेली.

याचा जेवणाशी संबंध असा, की रहिवासी हा शहरातला बिनपगारी अन्ननिरीक्षक असतो. माशाला वास येतोय हे तो ओळखतो, भाव कालच्यापेक्षा वाढला तर विचारतो, आणि मालकाच्या पोराला शाळेपासून ओळखत असल्यानं मालकाला त्याची लाजही असते. तो माणूस घर विकून किंवा पर्यटकांना भाड्यानं देऊन मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहायला गेला की चौकात वचक ठेवणारं कुणी उरत नाही. त्याच्या मागोमाग भाजीवाला जातो, खाटीक जातो, आणि त्या गाळ्यांत मुखवटे, मॅग्नेट आणि पिझ्झ्याचे तुकडे विकणारे बसतात.

रोममध्ये अजून काही भाग शाबूत आहेत. टेस्टाच्चोमध्ये १८९० च्या सुमारास सुरू झालेला मोठा कत्तलखाना १९७५ पर्यंत चालू होता. तिथल्या कामगारांच्या वाट्याला येणाऱ्या आतडी, शेपूट, कलेजी यांतून त्या भागाचा स्वयंपाक उभा राहिला. आजही जुन्या खानावळींत गुरुवारी ञोक्की, शुक्रवारी खारवलेला कॉड आणि शनिवारी वजडी हा रिवाज पाळला जातो. शनिवारी वजडी मिळते कारण शनिवारी ती मागायला येणारी माणसं त्याच भागात राहतात. पँथिऑनसमोर रोज सगळंच मिळतं.

व्हेनिसनं २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरोंचा प्रवेशकर लावला. पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि ऐनवेळी नोंदणी केली तर दहा युरो. गर्दी मोजायला त्याचा उपयोग होईल. पण गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकही त्यानं परत येणार नाही. घरांचा प्रश्न आणि ताटाचा प्रश्न हे पालिकेच्या दोन वेगवेगळ्या टेबलांवर पडून आहेत, हीच गोम आहे.

४. महाग वेगळं, फसवं वेगळं

व्हेनिसच्या सान मार्को चौकातलं कॅफे फ्लोरियान १७२० पासून चालू आहे. तिथे बाहेर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल तर माणशी काही युरो ‘संगीताचे’ म्हणून लागतात. लोक बोंब मारतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही, कारण ते मेन्यूवर छापलेलं आहे. परवडत नसेल तर उठावं, किंवा इटालियन माणसासारखं आत काउंटरपाशी उभ्यानं कॉफी पिऊन बाहेर पडावं. बारमध्ये उभ्याचा भाव आणि टेबलाचा भाव वेगळा असणं ही तिथली सर्वमान्य पद्धत आहे.

तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. यातला सगळ्यांत सफाईदार प्रकार म्हणजे ‘एत्तो’. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा किंवा फ्लॉरेन्सची प्रसिद्ध जाडजूड बिस्तेक्का यांचा भाव बहुतेक ठिकाणी शंभर ग्रॅमचा असतो. मेन्यूवर ७ लिहिलंय म्हणून तुम्ही खुशीत मागवता. बिस्तेक्का हाडासकट सव्वा किलोची असते. सात गुणिले साडेबारा, साडेसत्त्याऐंशी युरो. प्रामाणिक हॉटेलात तुकडा आधी तुमच्यासमोर तोलून दाखवतात आणि मगच भट्टीवर टाकतात. बाकीच्या ठिकाणी वजन थेट बिलात भेटतं.

२०१८ मध्ये व्हेनिसमध्ये सान मार्कोजवळ चार जपानी विद्यार्थ्यांना काही स्टेक, तळलेल्या माशांची एक प्लेट आणि पाणी यांचं अकराशे युरोंवर बिल लावलं गेलं. २०१९ मध्ये रोमच्या सांतांजेलो किल्ल्याजवळ दोघींना माशांची स्पॅगेटी सुमारे ४३० युरोंना पडली; त्यात ऐंशी युरो ‘टिप’ होती, आणि इटलीत टिपेची सक्ती मुळातच नाही. २००९ मध्ये रोमच्या नवोना चौकाजवळच्या एका हॉटेलनं एका जपानी जोडप्याला जवळपास सातशे युरोंचं जेवण घातलं, तेव्हा प्रकरण इतकं गाजलं की हॉटेलला टाळं लागलं आणि खुद्द पर्यटनमंत्र्यांनी त्यांना सरकारी खर्चानं परत येण्याचं निमंत्रण दिलं. जोडप्यानं ते नम्रपणे नाकारलं. मंत्र्यांच्या निमंत्रणापेक्षा पालिकेचा एक निरीक्षक त्या गल्लीत दर आठवड्याला फिरला असता तर जास्त बरं झालं असतं.

‘कोपेर्तो’ची गंमत आणखी वेगळी. माणशी दोन-तीन युरोंचा हा बसण्याचा आकार इटलीभर चालतो. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे मात्र २००६ च्या प्रांतिक कायद्यानं तो बंद केला. मग रोमच्या हॉटेलांनी काय केलं? न मागता पावाची टोपली आणून ठेवायला सुरुवात केली आणि बिलात ‘पाव’ लिहिलं. पाव नको असेल तर टोपली परत पाठवता येते. पाठवणारे किती?

५. चोर सोडून संन्याशाला

२०१९ च्या जुलैमध्ये दोन जर्मन प्रवाशांनी रियाल्तो पुलाच्या पायऱ्यांवर छोट्या स्टोव्हवर स्वतःची कॉफी करून घेतली. दंड ९५० युरो, आणि शहराबाहेर रवानगी. त्याच वर्षी रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला बंदी आली, दंड चारशे युरोंपर्यंत. फ्लॉरेन्समध्ये २०१७ साली महापौरांनी चर्चच्या पायऱ्यांवर ऐन दुपारी पाणी मारायला लावलं, म्हणजे कुणी तिथे सँडविच खायला टेकू नये. पुढच्या वर्षी उफिझी संग्रहालयाभोवतीच्या काही रस्त्यांवर जेवणाच्या वेळांत उभ्यानं खाण्यालाही १५० ते ५०० युरो दंड लागू झाला.

रहिवाशांच्या बाजूनं बघितलं तर दारात तेलकट कागद आणि रिकाम्या बाटल्या रोज कोण उचलणार, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. पण बेरीज करून पाहा. पायरीवर बसायचं नाही, रस्त्यात खायचं नाही, सार्वजनिक बाक जवळपास नाहीत. मग दुपारी दोन वाजता पोराबाळांसह फिरणाऱ्या माणसानं जायचं कुठे? छत्रीखालच्या त्या टेबलाकडेच. स्वस्तात आणि बहुधा चांगलं खाणाऱ्याला पालिका दंड करते आणि हाकत हाकत त्याच दारात नेऊन सोडते, जिथे हातात मेन्यू घेतलेला माणूस चार भाषांत ‘या, या’ म्हणत उभाच असतो.

पाण्याचंही असंच. रोममध्ये अडीच हजारांहून अधिक सार्वजनिक नळ आहेत, ‘नाझोनी’ म्हणतात त्यांना, आणि त्यांचं पाणी उत्तम असतं. त्याच नळापासून दहा पावलांवरच्या टेबलावर बाटलीचं पाणी विकत घ्यावं लागतं. फ्रान्सनं १९६७ मध्येच जेवणासोबत नळाचं पाणी आणि पाव फुकट द्यायचा नियम केला. इटलीला ते कधीच सुचलं नाही.

६. कबाबवर बंदी म्हणजे वारसा वाचवणं नव्हे

लुक्का या तटबंदीच्या सुंदर गावानं २००९ मध्ये जुन्या शहरात परदेशी खाद्यपदार्थांच्या नव्या दुकानांना मनाई केली. व्हेनिसनं २०१७ मध्ये कबाब आणि पिझ्झ्याचे तुकडे विकणारी नवी दुकानं उघडायला बंदी केली. हेतू चांगला असेल. पण गोठवलेला लझान्या विकणारं ‘अस्सल’ त्रात्तोरिया या नियमाखाली सहीसलामत सुटतं आणि रोज ताजं मांस भाजणारा तुर्की अडकतो. मालाची प्रत विचारायची ती सोडून जात विचारली.

रोमच्या कितीतरी भटारखान्यांत आज इजिप्शियन आणि बांगलादेशी हात राबतात, आणि त्यातले काही इतकी नेटकी कार्बोनारा करतात की कुणा रोमन आजोबांनी नाव ठेवू नये. आचाऱ्याचं पारपत्र कुठलं हा मुद्दाच नाही. त्याला एका ताटासाठी दोन मिनिटं मिळतात की नाही, हा आहे.

याच भरात फ्लॉरेन्सनं २०१६ मध्ये मॅकडोनाल्डला कॅथेड्रलच्या चौकात परवानगी नाकारली आणि कंपनीनं सुमारे १ कोटी ८० लाख युरोंचा दावा ठोकला. शहराची भूमिका मला पटते. फक्त एक बोचतं: मॅकडोनाल्डमध्ये काय मिळणार आणि कितीला मिळणार हे आत शिरण्याआधी कळतं. शेजारच्या लाकडी तुळयांच्या, लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवाल्या हॉटेलात कळत नाही.

७. टेबल ज्या फरशीवर आहे, ती फरशी

आता मूळ मुद्द्याकडे. चौकातली ती टेबलं हॉटेलाच्या मालकीच्या जागेवर नसतात. ती सार्वजनिक जमिनीवर असतात. पालिका ती जागा चौरस मीटरच्या हिशेबानं, ठरावीक मुदतीसाठी, भाडं घेऊन वापरायला देते. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, सरकारनं हे नियम सैल केले. जास्त टेबलं, अर्ज सोपे, काही काळ भाडंही माफ. ती सवलत अडचणीच्या काळापुरती होती. मग तिला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि पदपथ आकसत गेले.

हॉटेलच्या आतल्या खोलीत काय शिजावं हे पालिकेनं सांगायला गेलं तर व्यापार-स्वातंत्र्याचा वाद उभा राहील. १९९८ पासून इटलीत दुकानांच्या परवान्यांचं उदारीकरण झालेलं आहे आणि युरोपीय कायदा त्याच्या पाठीशी आहे. पण फरशी पालिकेची आहे. जागामालक भाडेकरूला अटी घालू शकतो. शिवाय २०१६ च्या एका कायद्यानं ऐतिहासिक भागांत कोणत्या व्यवसायाला मुभा द्यायची यावर बंधनं घालण्याचा अधिकारही पालिकांना दिला आहे. म्हणजे हत्यार हातात आहे, धार लावायची आहे.

अटी काय असाव्यात? माझ्या मते फार नकोत. मेन्यूवर फुल्यांऐवजी प्रत्येक पदार्थापुढे सरळ शब्दांत ‘इथे केलेला’ किंवा ‘तयार आणलेला’, पदार्थाच्याच टायपात. तोलून विकायच्या वस्तूंचं वजन आणि एकूण रक्कम शिजवण्याआधी कागदावर, गिऱ्हाइकाच्या सहीनं. मागितलं तर नळाचं पाणी फुकट. दारात उभं राहून माणसं आत ओढायची नाहीत. आणि टेबलांची संख्या स्वयंपाकघराच्या ताकदीला बांधलेली: आत तिघं असतील तर बाहेर दीडशे खुर्च्या नाहीत. ही शेवटची अट सगळ्यांत जास्त झोंबेल, कारण क्रीमवाली कार्बोनारा ती नसल्यामुळेच जन्मते.

अट मोडली तर दंड नको. दिवसाला हजारोंचा गल्ला असलेल्याला पाचशे युरोंचा दंड म्हणजे एका टेबलाची दुपार. टेबलं उचलावीत. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केल्याबद्दल किमान पाच दिवस दुकान बंद ठेवायला लावण्याची तरतूद इटलीच्या कायद्यात २००९ पासून आहे. छत्री हातभर पुढे सरकली तर चालणारी ही शिक्षा ताटातल्या लबाडीला का चालू नये? ऐन जूनमध्ये पाच दिवस चौकातल्या खुर्च्या आत ठेवाव्या लागल्या तर मालकाला पेकोरिनोची आठवण आपोआप होईल.

आक्षेप येईल की यानं छोटे हॉटेलवाले मरतील. छोटी हॉटेलं बहुधा आतल्या गल्लीत असतात आणि त्यांच्याकडे बाहेर मांडायला चारच टेबलं असतात. चौकातल्या गाळ्यांचं भाडं भरण्याची ऐपत असलेल्यांना ‘छोटे’ म्हणणं धाडसाचं आहे. खरी अडचण वेगळी आहे: टेबलांचं भाडं हे पालिकेचंच उत्पन्न आहे. ज्याच्या ताटावर नजर ठेवायची त्याच्याच गल्ल्यातून आपला वाटा घ्यायचा, अशी ही रचना आहे, आणि ती सुधारायची तर या भाड्याचा हिशेब निदान वेगळा मांडून प्रसिद्ध करावा लागेल.

८. ‘रिव्ह्यू वाचून जा की’

२०१५ मध्ये एका इटालियन खाद्य-नियतकालिकानं गार्दा सरोवराकाठच्या मोनिगा गावात अस्तित्वातच नसलेलं एक हॉटेल ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं, खोटे अभिप्राय लिहिले, आणि काही आठवड्यांत ते त्या गावातलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल झालं. २०१८ मध्ये लेच्चेच्या न्यायालयानं पैसे घेऊन खोटे अभिप्राय पुरवणाऱ्या एकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली. शिवाय खरे अभिप्रायसुद्धा त्याच एकदाच आलेल्या माणसांचे असतात, ज्यांनी चांगली कार्बोनारा आधी खाल्लेली नसते. हा मार्ग इथेच सोडतो.

९. आपली मंडळी

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या गटांच्या माहितीपत्रकात ‘जेवण आपल्या चवीचं’ ही ओळ असते आणि रोम-फ्लॉरेन्सलाही संध्याकाळी भारतीय हॉटेलात बस थांबते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ते सोयीचं आहे, मी नाक मुरडणार नाही. पण दुपारचं ‘इटालियन जेवण’ मात्र बहुतेकदा माणशी ठरलेल्या स्वस्त भावात, मोठ्या हॉलमध्ये, पांढऱ्या सॉसचा पास्ता आणि आइस्क्रीम असं उरकलं जातं. तिथून लोक परततात ते ‘आपल्या एफसी रोडवर याहून बरा मिळतो’ म्हणत. बरोबरच म्हणतात. ही निवड टूर कंपनीनं केलेली असते, इटलीनं नव्हे.

शाकाहारी मंडळींना तर कुणी धड माहितीही देत नाही. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. मिनेस्त्रोने सूप कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजतं. पुत्तानेस्का सॉसमध्ये बहुधा अँचोवी मासे विरघळलेले असतात. वेटरला ‘व्हेज?’ विचारलं तर तो होच म्हणतो, कारण त्याच्या लेखी मांसाचा तुकडा दिसला नाही की झालं. उलट जे निर्धोक आहे ते कुणी सांगत नाही. मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीतले कुरकुरीत तळलेले आर्टिचोक. जिनोआची फरिनाता, म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, खमंग कडांचं जाड धिरडं. अंडं नाही, दूध नाही. लिव्होर्नोला तेच पावात घालून देतात. उभ्यानं खाता येतं, आणि एका चौकातल्या पास्त्याच्या पैशांत अख्ख्या कुटुंबाचं होतं.

आणि तक्रार करावी. २०१८ चं व्हेनिसचं प्रकरण उघडकीस आलं ते त्या विद्यार्थ्यांनी बोलोन्याला, जिथे ते शिकत होते, परतल्यावर पोलिसांत जाऊन सांगितलं म्हणून. बाकीचे बहुतेक पर्यटक दुसऱ्या दिवशीच्या विमानाच्या घाईत पैसे भरून मोकळे होतात, आणि हॉटेलवाल्याचा सगळा भरवसा त्या विमानावर असतो. गटांबरोबर जाणाऱ्या टूर मॅनेजरला भाषा थोडीफार येते, वाटा माहीत असतात, आणि तो पुढच्या महिन्यात नवा गट घेऊन पुन्हा त्याच शहरात येणार असतो. त्यानं बिलाची प्रत जपावी, स्थानिक पोलिसांकडे लेखी द्यावं, आणि छापील पावती द्यायला कुणी टाळाटाळ केली तर ग्वार्दिया दि फिनान्झा या वित्तीय पोलीस दलाचा ११७ हा क्रमांक त्याच्या देखत फिरवायला लागावं.